थंडीत चालणारा चिलर : बसवणं, वायरिंग आणि पुण्यातून सारखे येणारे प्रश्न

दिवाळी झाली की हे प्रश्न सुरू होतात आणि संक्रांत होईपर्यंत थांबत नाहीत. भोसरी, चाकण, पिरंगुटची छोटी युनिटं, डेअरीवाले, बाणेर-मुंढव्याचे ब्रूअरीवाले, सगळ्यांची अडचण फिरून फिरून तीच असते म्हणून एका जागी लिहून ठेवलंय. हे सगळं एअर-कूल्ड चिलरबद्दल आहे (पाणी गार करणारं आणि उष्णता फॅनने हवेत सोडणारं मशीन), साधारण ५ ते ४० टन कूलिंगचा, ज्याला थंडीतही रोज चालावंच लागतं. ऑफिसच्या एसीचा चिलर डिसेंबरात तसाही बंद असतो, त्यांनी प्रश्न ४ आणि १३ वाचले तरी चालेल.

१. पुण्यात कुठे बर्फ पडतो? मग थंडीची वेगळी तयारी कशाला?

बर्फ पडत नाही हे खरं, पण चिलरला त्रास व्हायला बर्फच लागतो असं नाही. पाषाण, शिवाजीनगर, एनडीए भागात जानेवारीत पहाटे पारा १० च्या खाली जातो, आणि त्याच दिवशी दुपारी ऊन २९-३० पर्यंत चढतं. म्हणजे एकाच दिवसात २० अंशांचा फरक. ज्याचं सेटिंग फक्त उन्हाळ्यासाठी केलंय तो पहाटे अडतो, आणि पहाटेसाठी काहीतरी हाताने जुगाड केला की तोच दुपारी अडतो. त्यामुळे इथे जे काही लावायचं ते आपोआप कमी-जास्त होणारं हवं. तुमच्या मॉडेलच्या डेटाशीटवर किमान अँबियंट (बाहेरच्या हवेचं तापमान) किती लिहिलंय ते आधी बघा, आणि त्याच्या खाली चालवायचं असेल तर ऑर्डर देतानाच लो-अँबियंट किट (थंड हवेत चालण्यासाठीचे जादा भाग) मागा, नंतर लावायला जास्त पैसे आणि जास्त कटकट.

२. पहाटे चिलर एलपी (लो प्रेशर) दाखवून बंद पडतो, दहा वाजता रीसेट केला की दिवसभर चालतो. असं का?

कंडेन्सरवर (जिथे गॅस बाहेरच्या हवेत उष्णता सोडतो) थंड हवा आली की गॅस (रेफ्रिजरंट) नेहमीपेक्षा फार लवकर थंड होतो आणि हेड प्रेशर (कंडेन्सरच्या बाजूचं प्रेशर) पडतं. आर-४१०ए गॅस असेल तर ४० अंशांच्या कंडेन्सिंगला (गॅसचं लिक्विड होण्याला) प्रेशर साधारण ३३५ पीएसआय असतं, तेच कंडेन्सिंग १५ अंशांवर आलं तर १६५-१७० च्या आसपास. एक्सपान्शन व्हॉल्व्हमधून लिक्विड पुढे ढकलणारं जे काही आहे ते म्हणजे हा दोन बाजूंच्या प्रेशरमधला फरक, तोच एवढा कमी झाला की इव्हॅपोरेटरला (जिथे पाणी गार होतं) गॅस पुरत नाही, सक्शन (कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचं प्रेशर) खाली जातं, एलपी स्विच सर्किट तोडतो. दहा वाजता ऊन आलं, हेड वर गेलं, सगळं सुरळीत. वेळेचा हा पॅटर्न दिसला (पहाटे बंद, उन्हात चालू) की संशय हेड प्रेशर कंट्रोलवर घ्यायचा. उपाय प्रश्न ९ मध्ये आहे.

३. पण मेकॅनिक म्हणतो गॅस कमी आहे, साइट ग्लासमध्ये (लिक्विड पाइपवरची काचेची खिडकी) बुडबुडे पण दिसतात. भरून घेऊ का?

थांबा. हा पुण्यातला सगळ्यात महाग पडणारा सल्ला आहे. हेड पडलं की साइट ग्लासमध्ये बुडबुडे येतातच, सक्शनही कमी दिसतं, म्हणजे गॅस कमी असल्याची सगळी लक्षणं गॅस पुरेसा असताना दिसतात. जानेवारीत सकाळी सात वाजता दोन-तीन किलो गॅस ढकलला की चिलर चालतो, सगळे खूश, बिल दिलं जातं, आणि मग एप्रिलमध्ये ३९-४० अंशांत तोच चिलर एचपीवर (हाय प्रेशर) ट्रिप व्हायला लागतो, तेव्हा दुसरा मेकॅनिक येऊन तोच गॅस काढतो आणि त्याचंही बिल लावतो.

खरंच कमी आहे का हे बघायचं तर फॅन तात्पुरते कमी करून हेड नेहमीच्या पातळीवर आणा, दहा-पंधरा मिनिटं स्थिर होऊ द्या, मग सबकूलिंग (लिक्विड कंडेन्सिंगच्या किती खाली गार झालंय) आणि सुपरहीट (परत येणारा गॅस उकळण्याच्या तापमानाच्या किती वर तापलाय) मोजा. तरीही बुडबुडे असतील आणि सबकूलिंग कमी असेल तर लीक शोधा, लीक बंद करा, आणि गॅस नेमप्लेटवरच्या वजनाने काट्यावर भरा. अंदाजाने नाही.

४. रात्री युनिट बंद असतं, वॉचमन मेन स्विच पाडून जातो. काही बिघडतं का?

बिघडतं. कॉम्प्रेसरच्या खाली क्रँककेस हीटर असतो, छोट्या-मध्यम स्क्रोलला (या चिलरमध्ये नेहमी येणारा कॉम्प्रेसरचा प्रकार) साधारण ७०-९० वॅटचा. बाहेर थंडी आणि कॉम्प्रेसर गार असला की गॅस रात्रभर हळूहळू कॉम्प्रेसरच्या तेलात जाऊन बसतो, सकाळी स्टार्ट दिला की तो उकळतो, तेलाला फेस येतो आणि तेल बेअरिंग सोडून पाइपात निघून जातं. हीटर तेल कोमट ठेवतो म्हणून हे टळतं. मेन पाडला की हीटरही गेला. ९० वॅट रात्रभर १४ तास चालला तरी सव्वा युनिट वीज होते, त्यापुढे कॉम्प्रेसरची किंमत काय ते सांगायला नको.

रात्री बंद करायचा तर कंट्रोलरवरून किंवा रिमोट ऑन-ऑफवरून करा, आयसोलेटर (मेन स्विच) चालू राहू द्या. आणि मेन बराच काळ बंद राहिलाच असेल (लाइट गेली, शटडाऊन होतं) तर आधी फक्त सप्लाय द्या, मॅन्युअलमध्ये सांगितलेले तास, बहुतेक कंपन्या १२ ते २४ सांगतात, हीटर चालू द्या आणि मगच स्टार्ट. घाई असेल तर हाताने कॉम्प्रेसरचा तळ चाचपून बघणं हा काही नियम नाही, पण तळ बर्फगार लागला तर स्टार्ट देऊ नका एवढं तरी कळतं.

५. आमचा नेहमीचा वायरमन आहे, तो करेल ना कनेक्शन?

लाइट-फॅनचं काम वेगळं आणि ४१५ व्होल्टचा थ्री-फेज लोड वेगळा. हे काम सरकारी परवाना असलेल्या इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टरकडून करून घ्या आणि त्याचा टेस्ट रिपोर्ट लेखी घ्या, उद्या इन्शुरन्सवाला पहिल्यांदा तोच मागतो. महावितरणचा मंजूर लोड आधी तपासा. चिलर त्यात बसत नसेल तर लोड वाढवून घ्या, आधी चालू करू मग अर्ज करू हे नको. खाली जे लिहिलंय ते तुम्हाला काम नीट होतंय का हे बघता यावं म्हणून आहे, स्वतः पॅनेल उघडून हात घालण्यासाठी नाही.

६. केबल किती स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर) टाकायची? दुकानदार म्हणतो १० टनाला ४ स्क्वेअर चालते.

दुकानदाराला तुमचं अंतर माहीत नाही. नेमप्लेट वाचा. समजा १० टनाचा चिलर, कॉम्प्रेसर १८ अँपिअर, दोन फॅन १.८ चे, पंप ३ चा. सगळ्यात मोठ्या मोटरचे सव्वा पट आणि बाकीचे जसेच्या तसे: २२.५ अधिक ३.६ अधिक ३, म्हणजे साधारण २९ अँपिअर. केबल निदान एवढा करंट वाहणारी हवी, तोही ट्रेमध्ये बाकीच्या केबलला चिकटून आणि एप्रिलच्या गच्चीवरच्या उन्हात.

आता अंतर. पॅनेलपासून गच्चीपर्यंत ६० मीटर धरा. ६ स्क्वेअर कॉपरला चालू असताना ७-८ व्होल्ट पडतात, चिंता नाही. पण स्टार्टला कॉम्प्रेसर ११० अँपिअर ओढत असेल तर त्याच केबलवर ३५ व्होल्ट पडतात, आठ टक्क्यांच्या वर. आधीच गावठाणातल्या किंवा शेवटच्या डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मर) लाइनला व्होल्टेज कमी, त्यात गार सकाळी तेल घट्ट, मोटर उचलायला जड, कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) फडफडतो. १० स्क्वेअर घेतली तर हाच ड्रॉप २१ व्होल्टच्या आसपास येतो. म्हणून या उदाहरणात मी १० स्क्वेअर कॉपरच घेईन. ॲल्युमिनियम घेणार असाल तर साइज वाढवा आणि कॉपर बसबारवर बायमेटॅलिक लगच (दोन धातूंचं केबलचं टोक) लावा, साधा ॲल्युमिनियम लग दोन पावसाळ्यांत काळा पडतो.

ब्रेकर मोटर लोडचा, डी कर्व्ह (स्टार्टचा जादा करंट सोसणारा) किंवा योग्य सेटिंगचा एमसीसीबी (मोठा ब्रेकर), आणि नेमप्लेटवर जी कमाल मर्यादा छापलीय तिच्या वर जायचं नाही. ट्रिप होतोय म्हणून मोठा ब्रेकर टाकणं म्हणजे केबललाच फ्यूज बनवणं.

७. अर्थिंग बिल्डिंगचंच आहे, त्यालाच जोडलं तर?

बॉडीला दोन वेगवेगळ्या जागी दोन स्वतंत्र अर्थ जोडण्या हव्यात, सीईएच्या (केंद्रीय वीज प्राधिकरण) सुरक्षा नियमांतच आहे ते, आणि अर्थिंग कसं करायचं त्यासाठी आयएस ३०४३ आहे. बिल्डिंगचा अर्थ पिट चांगला असेल तर वापरा पण आधी मोजून घ्या, आणि हिवाळ्याच्या शेवटाला जमीन कोरडी झाल्यावर परत मोजा, ऑगस्टमधलं रीडिंग बघून खूश होऊ नका. आर्मर्ड केबलचा आर्मर (बाहेरचं लोखंडी कवच) ग्लँडला (केबल पॅनेलमध्ये घट्ट पकडणारा भाग) नीट पकडलेला पाहिजे. पाण्याच्या पाइपला अर्थ जोडायचा नाही, न्यूट्रल आणि अर्थ चिलरच्या पॅनेलमध्ये एकत्र करायचे नाहीत.

चिलरच्या नजरेच्या टप्प्यात कुलूप लागणारा आयसोलेटर हवाच. केबल पॅनेलमध्ये खालून घ्या, डबल कॉम्प्रेशन ग्लँड लावा, ग्लँडच्या आधी केबलला खाली झोक द्या म्हणजे पाणी तिथेच ठिबकेल, आणि उरलेली भोकं प्लग करा. पाली आत शिरून कॉन्टॅक्टरवर भाजल्याचे फोटो दर महिन्याला कोणी ना कोणी पाठवतंच.

८. क्रँककेस हीटरला वेगळी लाइन दिली तर मेन पाडता येईल ना?

येईल, आणि मोठ्या प्लांटमध्ये तसं करतातही. पण मग एक धोका तयार होतो जो लोक विसरतात: मेन आयसोलेटर पाडून कुलूप लावलं तरी पॅनेलच्या आत २३० व्होल्ट जिवंत राहतात. पुढच्या वर्षी नवा टेक्निशियन येणार, मेन बंद बघून हात घालणार. म्हणून पॅनेलच्या दारावर मोठ्या अक्षरात मराठी आणि हिंदीत पाटी, "आत दुसरी सप्लाय आहे", दुसऱ्या लाइनचा ब्रेकर कुठे आहे ते त्याच पाटीवर, त्या वायरचा रंग वेगळा, आणि टर्मिनलवर झाकण. काम करताना दोन्ही बंद, दोन्हींना कुलूप, आणि मग टेस्टरने नाही तर मीटरने तपासायचं. व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) असेल तर बंद केल्यावरही आत चार्ज राहतो, ड्राइव्हवर जितकी मिनिटं लिहिलीत तितकी थांबायचं.

पाटी लावायला कोणी राहणार नसेल तर वेगळी लाइन देऊच नका, प्रश्न ४ मध्ये सांगितल्याप्रमाणे मेन चालू ठेवा.

९. हेड प्रेशर धरून ठेवायला प्रेशर स्विच लावू की व्हीएफडी?

दोन-तीन फॅन असतील आणि पुण्यातच चालवायचा असेल तर स्विचने एकेक फॅन बंद-चालू करणं स्वस्त पडतं आणि बऱ्यापैकी चालतं. तोटा असा की फॅन बंद-चालू झाला की प्रेशर वर-खाली उड्या मारतं, एक्सपान्शन व्हॉल्व्ह गोंधळतो, आणि डिफरन्शिअल (चालू आणि बंद होण्याच्या प्रेशरमधला फरक) कमी ठेवलं तर फॅनचा कॉन्टॅक्टर सीझनभरात झिजतो. एकच फॅन असेल किंवा प्रोसेसला तापमान एकदम स्थिर हवं असेल (लेझर, एमआरआय, फर्मेंटर) तर व्हीएफडी किंवा ईसी फॅन (आतच वेग बदलणारा) घ्या. मधला मार्ग पण आहे, एक फॅन व्हीएफडीवर आणि बाकीचे स्विचवर.

वायरिंगमध्ये दोन गोष्टी. सिंगल-फेजचा जो स्वस्त स्पीड रेग्युलेटर मिळतो तो थ्री-फेज फॅनला लावायचा नाही. आणि स्विच फॅनच्या पॉवर लाइनमध्ये नाही, कॉन्टॅक्टरच्या कॉइलमध्ये घ्यायचा.

पुठ्ठा किंवा ताडपत्री कंडेन्सरला बांधणं? अकरा वाजता ती काढायला रोज कोण चढणार आहे गच्चीवर?

१०. फ्लो स्विच (पाणी वाहतंय का बघणारा) सारखा चिलर बंद करतो म्हणून ऑपरेटरने जंपर (स्विच टाळणारी वायर) टाकलाय. चालेल का काही दिवस?

एक तासही नाही. पाणी वाहत नसताना कॉम्प्रेसर चालला तर इव्हॅपोरेटरमधलं पाणी काही मिनिटांत गोठतं, बाहेर ३० अंश असले तरी, आणि प्लेट हीट एक्स्चेंजर फुटला की पाणी थेट गॅस सर्किटमध्ये जातं. मग कॉम्प्रेसर, ड्रायर, व्हॉल्व्ह सगळंच. फ्लो स्विच तोडतोय म्हणजे बहुधा खरंच फ्लो कमी आहे: स्ट्रेनर (पाण्याची गाळणी) उघडा (बोअरचं पाणी असेल तर त्यात काय सापडेल सांगता येत नाही), पंपातली हवा काढा, पंप उलटा फिरत नाही ना बघा. एलपी स्विचचंही हेच, जंपर नाही. कोल्ड स्टार्टला एलपी थोडा वेळ दुर्लक्षित करायची सोय कंट्रोलरमध्येच टायमरने असते, ती कंपनीच्या माणसाकडून सेट करून घ्या.

११. लाइट गेली, डीजीवर (डिझेल जनरेटर) आलो की कॉम्प्रेसर भयानक आवाज करतो आणि कूलिंग शून्य. लाइट आली की ठीक.

डीजीचा फेज सीक्वेन्स (तीन फेजचा क्रम) उलटा आहे. स्क्रोल उलटा फिरतो, खडखडतो, दोन्ही गेज हलत नाहीत, थोड्या वेळाने आतल्या प्रोटेक्शनवर बंद पडतो. फॅन सरळ फिरतायत म्हणून सीक्वेन्स बरोबर असेल असं समजू नका, फॅन व्हीएफडीवर असतील तर त्यांना इनकमिंग सीक्वेन्सशी देणं-घेणं नसतं. महावितरण आणि डीजी दोन्हींवर चेंजओव्हरपाशी सीक्वेन्स मीटर लावा आणि जी बाजू चुकीची तिच्या इनकमरच्या दोन वायरी बदला. कॉम्प्रेसरच्या टर्मिनलवर नाही, तिथे बदललं तर लाइट आल्यावर उलटा फिरेल. फेज सीक्वेन्स आणि सिंगल-फेजिंगचा (एक फेज गेली की बंद करणारा) रिले पॅनेलमध्ये असायलाच हवा, शंभर-दोनशे रुपयांत वायर फिरवून तो बायपास करून देणारेही भेटतात, त्यांना चहा पाजून परत पाठवा.

१२. ग्लायकॉल किती टाकायचं? गाडीचा रेडिएटर कूलंट चालेल?

पाणी ५ अंशांच्या वर ठेवत असाल आणि युनिट पुण्यातच असेल तर बहुतेक वेळा लागत नाही. ब्रूअरी, डेअरी, जिथे उणे २-४ अंश हवेत तिथे लागतं, आणि हिशोब बाहेरच्या हवेवर नाही तर इव्हॅपोरेटरमधल्या गॅसच्या तापमानावर करायचा, त्याच्याही ५-६ अंश खाली गोठणबिंदू हवा. फूड ग्रेड प्रोपिलीन ग्लायकॉल ३० टक्के घेतलं तर साधारण उणे १३ मिळतात. २० टक्क्यांच्या खाली ठेवलं तर त्यात जिवाणू वाढून लिबलिबीत थर धरतो, म्हणजे थोडं टाकण्यापेक्षा न टाकलेलं बरं.

रेडिएटर कूलंट नाही. त्यात बहुधा एथिलीन ग्लायकॉल असतं, ते विषारी, खाण्या-पिण्याच्या कामाजवळ आणायचंच नाही, आणि त्यातली सिलिकेट वगैरे एक्स्चेंजरमध्ये बसतात. रिफ्रॅक्टोमीटरवर (ग्लायकॉलचं प्रमाण मोजणारं यंत्र) दोन स्केल असतात, प्रोपिलीनचंच वाचा. ग्लायकॉल टाकल्यावर पंपाचा करंट परत मोजा, गार ग्लायकॉल जड असतं, ओव्हरलोडचं जुनं सेटिंग पुरेलच असं नाही.

१३. तीन महिने बंद होता, मेगर (इन्सुलेशनची टेस्ट) केला तर कॉम्प्रेसरचं रीडिंग एकदम कमी आलं. जळाला का?

लगेच निकाल देऊ नका. थंडीत बंद राहिलेल्या स्क्रोलमध्ये लिक्विड गॅस येऊन वाइंडिंगपर्यंत चढतो आणि रीडिंग खाली दिसतं. क्रँककेस हीटर प्रश्न ४ मध्ये सांगितलेले तास चालू ठेवा आणि परत मोजा, बरेचदा वर येतं. नाही आलं तर मग तेलातला ओलावा, ॲसिड टेस्ट वगैरे. मेगर करताना व्हीएफडी, रिले आणि कंट्रोलरच्या वायरी सोडवून ठेवा नाहीतर कार्ड उडेल, आणि सिस्टिम व्हॅक्यूममध्ये असताना कॉम्प्रेसरला मेगर किंवा सप्लाय अजिबात द्यायची नाही.

१४. हीटर टेपच्या (पाइपभोवती गुंडाळायची तापणारी पट्टी) लाइनचा आरसीसीबी (लीकेज करंटवर पडणारा ब्रेकर) सीझनच्या पहिल्याच दिवशी पडतो, नंतर पडत नाही. बदलू का?

हीटर वर्षभर बंद राहिला की त्यात दमट हवा शिरते, पहिल्यांदा चालू केल्यावर लीकेज जास्त येतं, तापून सुकलं की कमी होतं. आरसीसीबी त्याचं काम करतोय, ३० एमएचा काढून १०० चा टाकू नका. नोव्हेंबरमध्येच ग्लँड, एंड-सील तपासा, इन्सुलेशन मोजा. रोज पहाटे पडत असेल तर वेगळं: पॅनेलच्या आत दव धरतंय, त्यासाठी थर्मोस्टॅटचा छोटा पॅनेल हीटर लावा, आणि खालचा ग्लँड उघडा नाही ना ते बघा.

१५. डिसेंबरमध्ये बसवतोय, कमिशनिंग (चालू करून तपासून देणं) आत्ताच पूर्ण धरायचं का?

इलेक्ट्रिकल भाग, इंटरलॉक, सीक्वेन्स, फ्लो, गॅसचं वजन, हे सगळं आत्ता. एचपी कट-आउट आणि भर उन्हातला करंट मात्र एप्रिलमध्येच कळतो, म्हणून पेमेंटचा शेवटचा हप्ता तेव्हाच्या टेस्टला बांधून ठेवा. टर्मिनलचे सगळे स्क्रू टॉर्क रेंचने, आणि महिन्याभराने परत एकदा.

१६. युनिट इथे बनवून लेहला पाठवायचंय. इथलं वायरिंग तसंच चालेल?

नाही. तिथे साडेतीन हजार मीटर उंचीवर हवा विरळ, त्यामुळे फॅन तेवढीच हवा मारूनही उष्णता कमी नेतो, मोटरींचं रेटिंग १००० मीटरच्या वर आणि स्विचगिअरचं २००० च्या वर उतरवावं लागतं. फक्त फॅन कंट्रोलवर भागत नाही, कंडेन्सर फ्लड करणारा (लिक्विड गॅसने काही भाग भरून ठेवणारा) हेड प्रेशर व्हॉल्व्ह आणि मोठा रिसीव्हर (लिक्विड गॅसची टाकी) लागतो. साधी पीव्हीसी केबल शून्याखाली वाकवली की तडकते, त्यामुळे तिथल्या गारठ्यात साइटवर ओढायचं काम ठेवू नका किंवा थंडीची केबल घ्या. स्टँड बर्फाच्या थराच्या वर येईल इतका उंच. आणि लाइट गेली की पंप, हीटर दोन्ही बंद, म्हणून तिथे ग्लायकॉलवरच भिस्त ठेवायची, ५० टक्क्यांना साधारण उणे ३३-३४ मिळतात.

१७. सेकंडहँड अमेरिकन चिलर स्वस्तात मिळतोय, ४६० व्होल्ट ६० हर्ट्झ. आपल्या ४१५ वर चालेल?

नेमप्लेटवर ५० हर्ट्झचं रेटिंगही छापलं असेल तर कॉम्प्रेसर चालतो, पण वेग सहा भागांतला पाच होतो, क्षमताही साधारण सहाव्या भागाने कमी होते, पंपाचा फ्लो आणि फॅनची हवाही कमी. कंट्रोल ट्रान्सफॉर्मरचे टॅप बदलावे लागतात, न बदलता चालवला तर कंट्रोल व्होल्टेज कमी पडून गार सकाळी कॉन्टॅक्टर नीट ओढतच नाही आणि सगळे मग गॅसला दोष देतात. २०८-२३० व्होल्ट थ्री-फेजवाला असेल तर त्याला वेगळा ट्रान्सफॉर्मर लागतो, तो धरून परत किंमत काढा. नेमप्लेट खरवडलेली असेल तर घेऊ नका.